रोहित्राचे दुसरे तोंड

वीज कंपनीतील ज्येष्ठ तारतंत्री, म्हणजे आपणा सर्वांचे वायरमन, श्री. काशिनाथभाऊ तामोरे यांच्या आणि माझ्या प्रथम परिचयाचा योग एका विहिरीच्या काठी आला. बोईसरच्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारा मी, एडवणच्या आमच्या चिकूवाडीत, भूजलपातळीच्या शोचनीय ऱ्हासावर शेजाऱ्यांपुढे विवेचन करीत होतो. पंप फिरत होता. पाणी मात्र करंगळीएवढे येत होते. आदल्या दिवशी आमच्या खांबावरच्या तारा जोडून गेलेले काशिनाथभाऊ कुंपणापलीकडून ते सर्व शांतपणे ऐकत होते. ते आत आले, वीज बंद करून त्यांनी स्टार्टर उघडला, तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली आणि पंप पुन्हा सुरू केला. पाण्याचा लोट थेट माझ्या विजारीवर आला.

"मोटार उलटी फिरत होती, सर," ते म्हणाले. "काल आमच्याकडनं दोन तारा इकडच्या तिकडं झाल्या. चूक आमची. पन विहीर भरलेली हाय, तिला बोल लावू नका."

पुढे मी त्यांना सन्मानपूर्वक महाविद्यालयात पाचारण केले. प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते, हे मी फळ्यावर वक्ररेषेसह सिद्ध केले होते. तरी एका विद्यार्थिनीने विचारलेच, "सर, करंट पुढे जातो आणि तेवढाच मागे येतो, मग बल्ब पेटतो कसा?" मी माझी वक्ररेषा अधिक मोठी काढली. काशिनाथभाऊ पुढे सरसावले.

"पोरी, आमी खाडीकाठच्या नवापूरचे. भरतीला पानी खाडीत येतं, ओहोटीला भायेर जातं. पन होडीचा दोर बघ. तो येताना पन घासतो, जाताना पन घासतो. घासला की तापतो. बल्बची तार तशीच तापते." मग आवाज किंचित उतरवून ते म्हणाले, "आनि खाडीला दोन तोंडं असली, तर एक बांधलं म्हनून पाय टाकायचा नाय. पानी दुसऱ्या तोंडानं येतं."

या एका वाक्यावर त्यांची सेवा उभी आहे. उपकेंद्रातून लाईन बंद केल्याचा निरोप आला, तरी खांबावर चढण्यापूर्वी ते लांब दांड्याने तिन्ही तारांना एक साखळी अडकवतात. तिचे दुसरे टोक जमिनीत रोवलेले असते. तारेत चुकून प्राण उरलाच असेल, तर तो माणसाऐवजी साखळीतून जमिनीत जावा. सहकारी या विधीला "काशीभाऊंची पूजा" म्हणतात.

आता जे लिहावयाचे आहे, ते काशिनाथभाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथास शोभणारे नाही. संपादक मंडळाने क्षमा करावी.

काही वर्षांपूर्वीच्या वादळात आमच्या गावच्या तारा तुटल्या. जवळच्या ट्रान्सफॉर्मरला, ज्यास शासकीय मराठीत रोहित्र म्हणतात, जोडलेले असे एकटे आमचेच घर उरले. वीज तिसऱ्या दिवशीही नव्हती, टाकी कोरडी होती. मी बोईसरहून जनरेटर आणविला आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीच्या सॉकेटात खोचली.

"अहो, आधी मेन स्विच बंद करा ना," सौभाग्यवती म्हणाल्या.

"जी वीज मुळात अस्तित्वातच नाही," मी उद्गारलो, "ती बंद कशी करावी?"

जनरेटर सुरू झाला, दिवे लागले. थोड्याच वेळात रस्त्याच्या बाजूने तोफ डागल्यासारखा आवाज झाला आणि जनरेटर कण्हून बंद पडला. मी त्याच्या निर्मात्याच्या कुळाचा उद्धार करीत त्यास लाथ घातली. दुसरी घालणार, तोच फाटकात काशिनाथभाऊ दिसले. त्यांची नजर त्या वायरीवर होती. त्यांनी ती उपसून काढली, पायरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, पानी द्या."

मागोमाग त्यांचे एक सहकारी आले. तेच सांगू लागले, "मी काशीभाऊंना बोललो, लाईन बंद हाय, गाव ओरडतंय, राहू दे ती पूजा. तर म्हनतात, ती तिकडची बाजू झाली, हिकडची कोन बघनार? आनि साखळी लागताच जाळ."

काशिनाथभाऊंनी पाणी संपविले आणि मला विचारले, "सर, कालेजात ट्रान्सफॉर्मर शिकवता ना?"

"हो."

"एका तोंडाचा शिकवता, का दोन?"

रोहित्र अकरा हजारांचे दोनशेतीस करते, तसेच दोनशेतीसचे अकरा हजारही करते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरातून निघालेली वीज उलट्या वाटेने रोहित्रात शिरली आणि अकरा हजार व्होल्ट होऊन, काशिनाथभाऊ ज्या खांबावर चढणार होते त्याच्या तारांत जाऊन बसली.

त्यांनी संताप केला नाही. अट एकच घातली: "पोरांना सांगा. नाव घेऊन सांगा." त्याच आठवड्यात त्यांनी स्वहस्ते चेंजओव्हर स्विच बसवून दिला, त्यामुळे घर एकतर लाईनला जोडले जाते, नाहीतर जनरेटरला, दोन्हींना कधीच नाही. दर मे महिन्यात ते येऊन तो तपासतात आणि चिकू घेऊन जातात. अट मात्र मी अर्धीच पाळली. प्रतिवर्षी वर्गात सांगताना "एका अविचारी गृहस्थाने" असेच म्हणत आलो. काशिनाथभाऊंनी हा विषय कधी काढला नाही, आणि त्यानेच मी अधिक खचलो. तरी आज या ग्रंथाच्या साक्षीने नमूद करतो: तो गृहस्थ मीच.

काशिनाथभाऊ साठ वर्षांचे झाले, यात माझे कर्तृत्व काहीही नाही. ते सर्व त्या साखळीचे आहे. त्यांना दीर्घायुष्य चिंतण्याचा अधिकार या ग्रंथातील लेखकांत सर्वांत कमी मला आहे आणि निकड सर्वांत अधिक. त्यांनी निरामय शंभर वर्षे जगावे. दर मे महिन्यात आमच्या वाडीत यावे, तो स्विच स्वतःच्या हाताने खाली-वर करून पाहावा. माझ्या शब्दावर विसंबू नये.