हात सोडायचा राहिला

आता माझी फजिती तुम्हाला काय सांगू! मोटारसायकलवर बसून गेलो आन् बैलाचं दावं धरून चालत घरी आलो. हसताय व्हय? हसा, हसा. पर आधी च्या संपवा, न्हाई तर ठसका लागायचा.

मोटारसायकल मुळात माझी न्हवं, पोराची. पोरगा पुण्याला कामाला. त्यानं नवी घेतली आन् जुनी माझ्या दारात लावून गेला. म्हणाला, "आबा, असू द्या. दवाखान्याला जायला बरी पडंल." दवाखान्याला मी जातोय कशाला? त्याची आई जायची. ती गेली त्याला तवा दोन पावसाळे झालं होतं. मग गाडीवर बसून जायचं तरी कुठं?

पर घरात तरी बसायचं कुठं, सांगा की! रान वाट्यानं दिलेलं, गोठा रिकामा. सकाळी उठायचं आन् एकच भाकरी थापायची. एका भाकरीला पीठ मळायचा लई कंटाळा येतो बघा. दोन केल्या तर दुसरी संध्याकाळपातूर आपल्याकडं बघत बसती.

म्हणून साठी उलटल्यावर मी गाडी शिकलो. नसरापूरला हसनभाईचं गॅरेज हाय, त्यानं शिकवली. मागं बसून ओरडायचा, "चाचा, क्लच हळू सोडा! कासरा हाय का त्यो, झटका द्यायला?"

शाळा म्या बाहेरनंच बघितली, त्यामुळं रस्त्याच्या पाट्या माझ्याशी बोलत न्हाईत. एका अर्थी बरंच हाय. पाटी वाचणाराला रस्ता चुकायची धास्ती, मला कसली? फाटा आला की जिकडं सावली जास्त तिकडं वळायचं. डांबर संपलं की खडी, खडी संपली की माती, माती संपली की माघारी. भोर म्हणू नका, वेल्हं म्हणू नका, कुठंकुठं हिंडलो असंल! दिवस सरायचा. घरी येऊन कुलूप काढायचं. कुलूप कधी विचारत न्हाई कुठं गेला होता म्हणून.

गावातली माणसं मात्र विचारत्यात! एकदा हिर्डोशीकडं गेलो. पाण्याला थांबलो तर एक बाई म्हणाली, "कुनाकडं आलाव, बाबा?"

म्या खरं ते सांगितलं, "कुनाकडंच न्हाई. असाच."

"असाच म्हंजी?"

"म्हंजी उगंच. फिरत."

झालं! चार माणसं गोळा. "सुनंशी भांडून आलासा काय?" "घरी ठावं हाय का?" एकानं तर गाडीची किल्लीच काढून घेतली, म्हाताऱ्यानं घाटात जाऊन काय बरंवाईट करू नये म्हणून. मला पोटभर जेवायला घातलं, पाठीवरनं हात फिरवला, आन् एक गडी माझ्या मागं बसून भोरच्या एसटी स्टँडापातूर पोचवायला आला. आपल्या मुलखात माणूस काहीबी करंल ते चालतं, बिनकामाचा हिंडलेला चालत न्हाई! तवाच ठरवलं, आता कुनी विचारलं की काहीतरी काम सांगायचं.

हितंच घोटाळ्याचं बी पडलं.

भातं काढून झालेली. वेल्ह्याच्या पुढं, पासलीच्या अंगाला चाललो होतो. उजवीकडं एक फाटा दिसला, सावलीबी झकास. वळलो. डांबर संपलं, खडी संपली, माती संपली, आन् पुढं रस्ता थेट एका घराच्या अंगणात शिरला. मीबी शिरलो! कोंबड्या छपरावर गेल्या. माझ्याच वयाचा एक म्हातारा पायात दोरी धरून दावं वळत बसला होता. त्याचं नाव गेणूनाना. शेजारी त्याची मालकीण नाचणी पाखडत होती.

नाना जागचा हलला न्हाई. म्हणाला, "या. कुनाकडं?"

मला हिर्डोशीची किल्ली आठवली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कोंबड्या, पेंढ्याची गंज, आन् गोठ्यात एक पांढरा बैल.

"बैल बघाय आलुया," म्या म्हटलं.

म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. "आवो, बघा! म्या म्हनत न्हवते, देव धाडंल कुनाला तरी?"

आता आली का पंचाईत! नानाची बैलजोडी होती. त्यातला एक पावसाळ्यात गेला, ह्यो एकटा राहिला. एकट्या बैलावर औत चालत न्हाई, आन् नव्याला शिकवायचं नानाचं वय न्हवतं. बाजारातला दलाल दोन वेळा येऊन गेला, त्याला नानानं उभाबी केला न्हाई.

"ज्येच्या दावणीला जोडीदार हाय, त्येच्याच घरी जाईल ह्यो," नाना म्हणाला. "वैरण टाकली तर अर्धीच खातो. अर्धी त्या गेलेल्यासाठनं ठेवतो. रोज! म्या तरी किती दिवस बघू?"

मला माझी दुसरी भाकरी आठवली. 

म्हातारीनं विचारलं, "तुमच्याकडं हाय न्हवं एक?"

तुमीच सांगा, त्या बाईला न्हाई म्हणवलं असतं का?

"हाय की. एकटाच हाय."

"कसला हाय?"

आता माझ्या गोठ्यात शेणाचा वाससुद्धा उरला न्हवता, बैल आणू कुठनं? तोंडाला येईल ते सांगत गेलो. "काळासावळा हाय. वयानं जरा जास्तच."

"मारका?"

"छ्या! गरीब हाय."

"खातोय का नीट?"

"खातो आपला. कसंतरी."

"दात?"

"म्होरला एक पडलाय."

"आगं आई," म्हातारी कळवळली, "त्यालाबी सोबत न्हाई म्हना की!"

नाना उठला, खांद्यावरचा टॉवेल काढला आन् माझ्या म्होरं बसला. तुमास्नी ठावंच हाय, बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नसतो. टॉवेलाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. पटला न्हाई तर हात झटकून काढायचा. धरूनच ठेवला, तर सौदा पटला. जन्म गेला ह्यात माझा. म्हटलं, सोपं हाय! दोनदा हात झटकायचा, "जमत न्हाई बुवा" म्हणायचं, गाडीला किक मारायची, आन् पसार!

टॉवेलाखाली हात घातला. नानानं बोटं धरली.

काय सांगू... हात कसला, फणसाची साल! पर ऊन होता. बायको गेल्यापासनं माझा हात कुनी धरला न्हवता. डॉक्टरनं नाडी बघितली असंल, तेवढीच. नाना एक एक बोट दाबत होता, तिकडं माझं ध्यानच न्हाई. मी आपला बसलोय, अंगणात ऊन पडलंय, म्हातारी पाखडतीय, सुपाचा आवाज येतोय. असाच आमच्या दारात यायचा.

"पटलं म्हना की!" नाना ओरडला.

मी दचकलो. बघतो तर हात अजून त्याच्या हातात! सोडायचाच राहिला!

म्हातारीनं पळत जाऊन गूळ आणला आन् माझ्या तोंडात घातला. गूळ पडल्यावर सौदा मोडतोय व्हय? तरी म्या गूळ गिळत शेवटचा डाव टाकला. "पर नाना, पैसं न्हाईत आणलं."

"राहू द्या. गाडी ठेवा हितं, पैसं झालं की न्या. नायतरी बैल काय गाडीवर मागं बसनार हाय?"

म्हातारीनं बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं आन् त्याच्या गळ्यात तोंड घालून रडली. मग रिकाम्या खुंट्याकडं बघितलं. नाना गाडी ढकलत घेऊन आला आन् तिथं उभी केली. म्हातारीनं आपल्या हातानं तिच्या हँडलाला दावं बांधलं.

"आवो बाई, ती कुठं जातीय?"

"असू द्या. मोकळा खुंटा बघवत न्हाई."

निघालो चालत. वाटंत मार्गासनीला एका घरानं मला ओटा दिला, बैलाला पेंढा दिला. आन् गंमत बघा, गाडीवर होतो तवा लोकं धुळीकडं बघायची. आता जो तो थांबवून विचारतोय, "कुठनं आणला? किती दाती? च्या घेता का?" कुठं निघालाव म्हणून विचारलं, की छाती काढून सांगायचो, "घरला!" तोंड दुखलं बोलून बोलून.

नसरापुरात हसनभाईनं बघितलं. पाना हातातनं पडला त्याच्या. "चाचा! गाडी कुठाय?"

"गोठ्यात."

"आन् ह्यो?"

"गाडीच्या बदली."

तो बैलाभोवती एक फेरी मारून आला. "किक कुठनं मारायची ह्याला?"

"मारायची नसती. ह्योच मारतो."

पोराला फोन केला. त्यानं समदं ऐकून घेतलं. मग हसला, आन् पैशाचं त्यानंच बघितलं.

बैल मात्र माझ्याकडंबी अर्धीच वैरण खायचा. मग मी माझी भाकरी गोठ्यात नेऊन त्याच्याजवळ बसून खायला लागलो. दुसरी त्याला. पुढं हातरूणबी तिथंच नेलं. हळूहळू गव्हाणीत काडी उरंना.

आन् एके दिवशी दारात फटफट आवाज! बघतो तर माझीच गाडी. नानाचा पुतण्या चालवतोय, मधी नाना, मागं म्हातारी पदर सावरत. माझ्या हातात वैरणीची पेंढी, पळायला जागा न्हाई. नाना उतरला तो थेट गोठ्यात. मी मागं मागं. बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला आन् म्हणाला, "दुसरा कुठाय?"

मी पेंढी छातीशी धरून उभा.

नानानं बैलाच्या डाव्या अंगाचं माझं हातरूण बघितलं, उशाशी ठेवलेला च्याचा कप बघितला. मग माझ्याकडं बघितलं, पायापासनं डोक्यापातूर. मी वरमून हसलो. म्होरल्या दाताची खिडकी दिसली.

"आवो, ह्यांनी तर फसवलं आपल्याला!" म्हातारी म्हणाली.

"फसवलं कुठं?" नाना म्हणाला. "काळासावळा, वयानं जास्त, दात पडलेला. समदं खरंच सांगितलं हुतं." त्यानं पेंढी माझ्या हातातनं घेतली आन् बैलाला टाकली. "जोडी बरी जमलीय. नांगराला तेवढी धरू नका, डावीकडचा लवकर खाली बसंल."

दोघं तीन दिवस राहिली. म्हातारीनं भाकऱ्या थापल्या, मी मोजल्या न्हाईत.

आता हसनभाईच्या गॅरेजात कुनी विचारलं की चाचांकडं बैल किती, तर तो मान वर न करता सांगतो, "दोन. त्यातल्या एकाला गाडी चालवता येती."