उतारावरचं न्यूट्रल

आमच्या शहरात नवी गाडी घेतली की कुणी रंग विचारत नाही. "ॲव्हरेज किती देती?" एवढंच. शोरूमवाल्यानं सत्तावीस सांगितलं होतं. माझी हायब्रीड बावीसच्या वर सरकेना. त्यातही उलटी गंगा. जालना रोडच्या सिग्नलांवर रखडताना ती बॅटरीवर चालायची म्हणून आकडा चढायचा, आणि करमाडच्या मोकळ्या रस्त्याला लागलं की घसरायचा. एसी बंद करावा तर त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, मार्चमध्येच अंग भाजत होतं.

माझे वडील, अण्णा, जन्मभर सरकारी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर हातातलं स्टिअरिंग गेलं, पण ॲव्हरेजच्या बाबतीत ते कुणाच्या बापाला ऐकत नसत. तेवढाच एक मान उरला होता त्यांना.

"गाडी चांगली हाय, पाय खराब हाय तुझा," ते म्हणाले. "दे चावी."

रविवारी वेरूळला गेलो. चढावरही त्यांचा पाय इतका हलका की मी मनातून खजील झाले. परतताना दौलताबादचा घाट लागला आणि अण्णांनी सवयीनं गाडी न्यूट्रलला टाकली.

मी फाडकन बोलले, "अण्णा, नका ना! या गाडीत उतारावर नुसता पाय उचलायचा, चाकंच बॅटरी भरतात. न्यूट्रल केलं की ते बंद. पेट्रोल वाचवायला निघालात आणि उलट घालवताय. जन्मभर काय शिकलात?"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. माझी जीभ अशीच आहे, आधी सुटते आणि मग रडते.

त्यांनी घाटातच रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि चावी माझ्या हातावर ठेवली. "चालव तू."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच बोलू लागले. "दुष्काळात डिझेल खेपेवर मोजून मिळायचं. भरलेला टँकर वर न्यायचा, रिकामा हाच घाट न्यूट्रलला उतरवायचा. थोडं थोडं उरायचं. चार-पाच दिवसांनी एक खेप जादा व्हायची. वर माळावर धनगरांची वस्ती व्हती. टँकरच्या यादीत नव्हती ती."

"आईला सांगितलं होतं?"

"काय सांगू? उस्मानपुऱ्यात आपल्या गल्लीला हंड्यांची रांग, अन् मी जादाचं पानी माळावर देऊन येतो, असं सांगू?"

त्या रांगेत मी होते. नऊ वर्षांची, कडेवर कळशी. "टँकरवाल्याचं घर अन् माठ कोरडा," असं आई रांगेतल्या बायकांसमोर त्यांना टोचून बोलायची, आणि मला ते पटायचं. आई जाऊन तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत तिनं तो टोमणा सोडला नाही, आणि अण्णांनी एकदाही उत्तर दिलं नाही.

मी चावी परत त्यांच्या हातात दिली. मला चालवता आलीच नसती, समोरचं काही दिसत नव्हतं.

अण्णांनी गाडी सुरू केली, आरसा नीट केला.

"नुसता पाय उचलायचा नं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.