शेताला आणि घराला मिळून एक रिव्हॉल्वर

"एकतर बंदूक घ्या, नाहीतर दोघं पुण्याला या," असं लेक फोनवर म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवून दिला. शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, चोरटे शिरले होते. मोटारीची केबल तर नेलीच, वर ओरडला म्हणून म्हाताऱ्याच्या डोक्यात काठी घातली. आमचाही आखाडा तिथून हाकेच्या अंतरावर, येलदरीच्या बाजूला, गावापासून लांब. लेकाची काळजी खोटी नव्हती. पण त्याचा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे आणि तिथे दिवसभर मला खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघाव्या लागतात. मला आखाडा सोडायचा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचा कुणाला राग यायला नको.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कागद रंगवण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. लायसन मिळायला वेळ लागला, पण मिळालं. तपासणीत डोळे बघितले, छाती बघितली, पोलीस येऊन चहा पिऊन गेले. मग हे ओसरीवर बसून विचार करायला लागले की घ्यायचं काय. लांब नळीची बंदूक नको, ती दोन हातांनी धरावी लागते, मग बॅटरी कोण धरणार?

"एकच वस्तू पाहिजे," हे म्हणाले. "शेतात डुकराला चालावी, घरात चोराला चालावी, आणि पिशवीत मावावी."

मी म्हटलं, शेतात आणि घरात चालणारी एक वस्तू तुमच्याकडे आहे, ती तुम्ही लग्न करून आणलीत. फक्त पिशवीत मावायची नाही. हे हसले नाहीत. रिव्हॉल्वर घ्यायचं, एवढं त्या दिवशी ठरलं.

माझा भाऊ चारठाण्याला असतो. आमच्या भागात कुणाला बैल घ्यायचा असला की त्याला सोबत नेतात. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तरी त्याचा मान तसाच आहे. लोक त्याला मोटारसायकल घ्यायलासुद्धा नेतात आणि तो तिच्याभोवती एक फेरी मारून मागच्या चाकावर थाप देतो. त्याला न विचारता खरेदी केली असती तर तो दिवाळीला जेवला नसता. म्हणून आम्ही तिघं परभणीला गेलो.

दुकान लहानसंच होतं. दाराशी पहारेकरी स्टुलावर बसलेला, आत काचेची कपाटं आणि एक शांत स्वभावाचे म्हातारे मालक. त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर तीन रिव्हॉल्वरं मांडली. भावाने धोतराचा सोगा आवरला आणि खाली वाकून तिन्ही न्याहाळली.

"काई खोड हाय का यास्नी?"

"खोड म्हणजे?"

"ऐन कामाच्या टायमाला बसतंय का? आवाजाला बुजतंय का?"

"आवाज तेच करतं, काका," मालक म्हणाले.

"मंग चार दिस नेऊन बघतो. चाललं तर ठिवतो."

मालकांनी सांगितलं की विकलेलं परत घेत नाहीत. भावाने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ अक्का, इथंच पाणी मुरायलंय.

ह्यांनी मग खात्यातल्या सवयीने नियम विचारले. मालकांनी सगळं नीट सांगितलं. डुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची परवानगी पाहिजे. चोरावर झाडली तर तो किती जवळ होता, त्याच्या हातात काय होतं, हे पोलिसांना पटवावं लागेल. शिवाय निवडणूक लागली की बहुतेक वेळा ठाण्यात जमा करायला सांगतात.

"कोणती निवडणूक?"

"लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत."

"मंग वापरायचं कवा?" भाऊ म्हणाला.

"वापरायची वेळ येऊ नये, काका, यासाठीच लोक घेतात."

हे बोलणं भावाला फारसं कळलं नसावं, पण मधलं रिव्हॉल्वर त्याच्या मनात भरलं होतं. त्याने खांद्यावरची दस्ती काढली, झटकन मालकांच्या हातावर टाकली आणि तिच्याखाली स्वतःचा हात घातला. मखमलीवर रिव्हॉल्वरं आणि मालकांचा हात फडक्याखाली गडप, हे बघून पहारेकरी ताडकन उठला. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आता बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत, दस्तीखाली बोटं दाबून सांगतात, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? भाऊ डोळे मिटून त्यांची बोटं दाबत होता आणि पुटपुटत होता, "पटायलंय का बघा." शेवटी मीच त्याची दस्ती ओढली आणि सगळ्यांची माफी मागितली. पहारेकरी बसला, पण त्यानंतर तो भावाच्या हाताकडेच बघत राहिला.

मालकांनी पाणी पिऊन घेतलं. मग रिव्हॉल्वर उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "समोरच्या भिंतीकडे धरून बघा, साहेब."

ह्यांनी धरलं. नळी थरथरत होती. मला वाटलं, वजनामुळे असेल. मालकांनी दुसरं, हलकं दिलं, तेही तसंच थरथरलं. कितीतरी दिवसांपासून हे चहा बशीत ओतून पीत नव्हते आणि मी समजत होते की ह्यांना शहरी वळण लागलं. मला दुकानातच रडू आलं. रागही आला, की इतके दिवस ह्या माणसाने मला कळू दिलं नाही. भाऊ दस्तीची घडी घालत दाराकडे बघायला लागला.

"जड हाय," हे म्हणाले आणि ते खाली ठेवलं.

मी काही विचार न करता ते उचललं आणि भिंतीकडे धरलं. जन्मभर शाळेत शिकवताना फळ्यावर सरळ रेघा ओढल्या आहेत मी. नळी जराही हलली नाही. मालक म्हणाले, "बाईंच्या हाताला छान बसलं. पण लायसन साहेबांचं आहे." आम्ही रिकाम्या हाताने निघालो.

येताना बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत होते. जिंतूर मागे पडल्यावर म्हणाले, "तुला पुण्याला न्यावं लागंल. माज्या हातून आता कायबी व्हायचं न्हाई."

"आधी चहा बशीतून प्या," मी म्हटलं. "सांडला तर पुसीन."

घरी पोचतो न पोचतो तोच लेकाचा फोन आला. घेतलं का? मी बिनदिक्कत सांगितलं की घेतलं, पण ग्रामपंचायतीची निवडणूक आहे ना, म्हणून ठाण्यात जमा आहे. पुढे जिल्हा परिषदेचीही आहे, तेव्हा घरी यायला वेळ लागेल. ह्यांनी फोनसाठी हात पुढे केला. उभ्या आयुष्यात खोटी सही न केलेला माणूस, मी कपाळाला हात लावला.

"घेतलं न्हाई," हे म्हणाले. "माजा हात कापायलाय, बाळा. लय दिस झाले. तुज्या आईचा न्हाई कापत. तिनं धरलं तवा नळी जाग्यावर हुती. आमी इथंच ऱ्हातो."

लेक म्हणाला, आईला दे.

"आई, तू खरंच धरलंस?"

"धरलं की. आता ह्यांना डॉक्टरला दाखवायचंय. रविवारी तू इकडे ये."