अठ्ठावन्नचा ताण

नव्वदच्या दशकात अबुधाबीच्या एका क्लबात मी टेनिसच्या रॅकेटना गटिंग करायचो, म्हणजे तारा ओवून मशीनवर ताणायचो. कोकणात मासळीची जाळी विणलेली, त्यामुळे हात तयार होता. तोंडही नको तेवढं तयार होतं.

आमचा कोच डच. तरुणपणी स्पर्धांमागे ट्रेननं युरोपभर फिरलेला आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत हरलेला. "पण एका मोठ्या खेळाडूला तीन तास दमवलं होतं," असं माझ्या मशीनशी टेकून सांगायचा. पुढे खांदा दुखावला, स्पर्धा सुटल्या, आणि तो इकडे मुलांना शिकवायला आला. कोर्टाबाहेर आपल्याला काडीचं काही येत नाही, असं तो स्वतःच हसत म्हणे.

त्याच्या रॅकेटला अठ्ठावन्न पौंडांचा ताण लागायचा. एका वर्षी तो छप्पन्न म्हणाला. मग बावन्न, मग अठ्ठेचाळीस. तारा सैल असल्या की हाताला कमी जोर लागतो. मी समजून चुकलो, पण बोललो नाही.

एके दुपारी मॅनेजरसाहेब आले, पुण्याचे. "काय हो, कोचचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय. फिट आहेत ना?"

हो म्हटलं असतं तर माझं काय जात होतं? पण साहेब मला विचारतायत, याचीच ऐट चढली. "साहेब, मी तारांवरून सांगतो, खांदा खलास आहे त्यांचा." वर सगळे आकडे घडाघडा म्हणून दाखवले.

कॉन्ट्रॅक्ट झालं नाही. जायच्या दिवशी सकाळी कोच रॅकेट घेऊन आला. "फिफ्टी-एट."

"सर, हात दुखेल."

"मॅनेजर म्हणाला, तुला तारांवरून सगळं कळतं," तो इंग्रजीत म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी अठ्ठावन्नला गटिंग करून दिलं. तो रिकाम्या कोर्टावर गेला आणि एकच सर्व्हिस मारली, पूर्ण हात वर नेऊन. चेंडू बरोबर रेषेवर पडला. तो मात्र खांदा धरून बराच वेळ वाकून उभा होता. मग डाव्या हातानं बॅग उचलून माझ्या दारावरून निघून गेला. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी माझं तोंड उघडलं नाही.