कौलांवरची दाढ

दातांच्या डॉक्टरांनी माझी अक्कलदाढ काढली आणि पुडीत बांधून हातात दिली. घरी येताच आई म्हणाली, "केरात टाकू नकोस हं, कौलांवर फेक." लहानपणी दुधाचा दात पडला की ती हेच करायला लावायची, म्हणजे नवा लवकर येतो. सुजलेला गाल सांभाळत मी अंगणात गेलो, हात मागे नेला आणि पन्नाशीतला मी क्षणात सहा वर्षांचा झालो.

तेवढ्यात आईच ओरडली, "अरे थांब! पुन्हा उगवली तर?"

तोंडातल्या कापसासकट मी हसलो आणि पुडी खिशात ठेवली. या वयात गेलं ते गेलंच, असं मी धरून चाललो होतो. पण मला अजून काही नवं उगवेल, अशी धास्ती घेणारं एक माणूस घरात आहे.