झाकलेल्या पानांपुढचा तक्ता

सिंगापुरात क्लेमेंटीतल्या ज्या फ्लॅटमध्ये मी खोली भाड्याने घेऊन राहत होतो, त्याच्या मालकीणबाई सत्तरीच्या चिनी विधवा होत्या. मी त्यांना आंटी म्हणायचो. जवळच्याच विद्यापीठात माझं धातूंना जाणाऱ्या तड्यांवर संशोधन चाललेलं. वरून धड दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ही त्या कामाची सवय. ती मी घरी येतानाही काढून ठेवत नसे.

ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ मी पुण्याच्या हॉस्टेलवर शिकलो होतो. चित्रांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा; बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडायची नाही, एवढाच खेळ. एका सीनियरने छापील तक्ता दिला होता. डावीकडे आपली बेरीज, वर डीलरचं उघडं पान, आणि दोन्ही जुळतील त्या चौकोनात काय करायचं ते. आपले सोळा आणि डीलरचा छक्का असेल तर थांबा. सोळा आणि दश्शी असेल तर पान घ्या. मी तो तक्ता पाढ्यांसारखा पाठ केला.

पुढे इंटरनेटवर दुसरा तक्ता सापडला, तर त्यातले पाच-सहा चौकोन वेगळे. अकरा असताना समोर एक्का आला, तर एक म्हणे साधं पान घ्या, दुसरा म्हणे पैज दुप्पट करा. यातला एक खोटा असणार असं धरून मी चार दिवस डोकं घातलं. शेवटी कळलं की दोन्ही खरे. एक्का धरून सतरा झाले की डीलर काही ठिकाणी थांबतो, काही ठिकाणी आणखी पान घेतो, आणि तेवढ्यानेही चौकोन बदलतो. सिंगापूरला आल्यावर एकदा कॅसिनोत जाऊन नुसता उभा राहिलो. तिथला डीलर आधी एकच पान घ्यायचा आणि दुसरं सगळ्यांचं खेळून झाल्यावर. म्हणजे आपण अकरावर त्याच्या दश्शीसमोर पैज दुप्पट करावी, आणि मागाहून त्याला एक्का यावा, की सगळंच गेलं. माझे दोन्ही तक्ते मात्र डीलर दोन्ही पानं आधीच घेतो असं धरून तिथे दुप्पटच करायला सांगत होते. न खेळताच मी परत आलो.

चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आंटींची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, यिशुनहून आली. जेवण झाल्यावर आंटींनी टेबल पुसलं, पत्ते काढले आणि मलाही बसवलं. खेळ ब्लॅकजॅकसारखाच, बँकर, म्हणजे डीलर, आंटी. पैजेला वीस सेंटचं नाणं.

पहिल्याच डावात मी विचारलं, "आंटी, तुमचं एक पान उघडं ठेवायचं ना?"

"नाही, नाही. आमच्याकडे दोन्ही झाकलेली."

वरचं पानच दिसत नाही म्हटल्यावर तक्त्याची अख्खी वरची ओळच गेली. शिवाय सोळाच्या आत कुणी थांबायचं नाही. पाच पानं घेऊनही एकवीसच्या आत राहिलं तर दुप्पट मिळणार, फुटलं, म्हणजे एकवीस ओलांडले, तर दुप्पट जाणार. आणि बँकरचे सोळा झाले की आपलं पुढचं पान घेण्याआधी तो हव्या त्या खेळाडूचा हात, म्हणजे हातातली पानं, उघडायला लावून तिथेच हार-जीत ठरवू शकतो. हे एकेक नियम मला डाव हरल्यावर कळत होते.

आंटी सतरावर असल्या की नेमका माझा हात उघडायच्या, तोही सोळाचा असतानाच. माझे वीस असले की माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. असं सात-आठ वेळा झालं. पत्त्यांवर खुणा आहेत, याबद्दल मला शंका उरली नाही. त्या चहा ठेवायला उठल्या तशी मी एक पान उचलून ट्यूबलाइटसमोर धरलं.

"काय बघतोस?" आंटी दारात उभ्या होत्या.

खोटं बोलावंसं वाटलं, पण सुचलं नाही. "तुम्हाला माझी पानं दिसतात असं वाटतंय."

त्या रागावल्या नाहीत. कपाटातून पत्त्यांचा सीलबंद नवा जोड आणून माझ्यापुढे ठेवला. "तू फोड. तूच वाट."

मी फोडला, तीनदा पिसला, वाटला. आणि तसाच हरलो.

मुलीला हसू आवरेना. "अरे, तू रोज सकाळी हॉलमध्ये जोर काढतोस ना? मोठ्याने, तुझ्या भाषेत मोजत? आईला तुझे आकडे वीसपर्यंत येतात. आणि पानं हातात आली की तू पुटपुटतोस."

मी पुटपुटतो हे मला माहीतच नव्हतं. हॉस्टेलवर तक्ता तोंडाने घोकलेला, त्याची खोड ओठांत राहिली होती. आंटी हळूच म्हणाल्या, "सोळा," आणि त्यांचा उच्चार अगदी नीट होता. दोन वर्षं ज्यांच्या घरात राहिलो, त्यांचा पत्ता मी चोरासारखा उजेडात धरला होता. मी माफी मागितली.

"तपासायला हवंच," त्या म्हणाल्या. "आता तू बँकर हो, लाह." इथल्या बोलण्यात वाक्याला असं ‘लाह’चं शेपूट असतं.

मी पानं पाहिली. अठरा. ओठ घट्ट मिटलेले. कुणाला उघडायचं हे आता मला ठरवायचं होतं, आणि त्याला कुठलाच चौकोन नव्हता. मुलगी निवांत होती. आंटींनी आपली पानं छातीशी धरली, कपाळाला आठी घातली आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "सतरा."

वय झालंय, तोंडून निसटलं असेल, असं मला वाटलं. मी त्यांचा हात उघडायला लावला.

एक्का आणि राजा, एकवीस. त्यांच्या नियमाने दुप्पट द्यावं लागलं.

नंतर बँक मुलीकडे गेली. मी खुर्ची सरकवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि खेळ सुरू करण्याआधी तिला विचारलं, "पंधरा आले तर काय करायचं?"

"पहिल्या दोन पानांतच आले तर पळता येतं. डाव रद्द."

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," आंटी म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.