जावेच्या लेकीचं हसू

देवाच्या रांगेत उभं राहून मी वाईट मागितलं होतं, हे आधीच सांगते.

आमचं घर डोंगरकडा गावात. आरोही जन्मली आणि माझं मनच विझलं. दोन वर्षं मी भिंतीकडं तोंड करून पडून असायची. लेकरू रडायचं, ऐकू यायचं, पण उठवत नव्हतं. तिला सांभाळलं माझ्या थोरल्या जावेनं, स्वतःच्या लेकीसोबत, श्रेयासोबत. औषधांनी मी सावरले, पण आरोही सहा वर्षांची झाली तरी शाळेत कोणाशी बोलेना. डबाही एकटीच खायची. श्रेया मात्र गल्लीभर मैत्रिणी घेऊन हिंडायची. घाबरली की आरोही मला सोडून जावेच्या पदराखाली शिरायची. तेव्हा माझा जीव जळायचा.

एका सोमवारी आरोहीला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत उभी असताना मी मनात म्हणाले, श्रेयाचं थोडं हसू काढून माझ्या लेकीला दे. पुढच्या अनोळखी बाईनं वळून पाहिलं, तशी आरोही माझ्यामागं लपली. "बोल की मावशीशी!" म्हणत मी तिला पुढं ओढलं.

"ओढू नका," ती बाई म्हणाली. हातातला बेल तिनं आरोहीपुढं धरला आणि नुसती थांबली. बऱ्याच वेळानं आरोहीनं तो घेतला. मला भरून आलं. नवऱ्यालाही न सांगितलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं.

"माझीबी माय अशीच पडून राहायची," ती म्हणाली. "मी लई वर्षं माणसांना भ्यायचे. तुमची चूक न्हाई, दुखणं होतं ते. पण काहून एकट्या झुरून राहिल्या? लेकरू जिच्यापाशी मोकळं होतं, तिलाच धरा."

गाभाऱ्यात ते मागणं माझ्या तोंडून निघेना. "मला जमत न्हाई, तूच बघ," एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर ती बाई कुठं दिसली नाही.

घरी येऊन मी जावेला म्हणाले, "ताई, मी तुमच्यावर जळत होते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "येडे, मला वाटलं, मी लेकरू तुझ्यापासून तोडलं म्हणून तू राग धरलास."

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी पोरींसोबत अंगणात बसू लागलो. शेजारची एखादीच मुलगी बोलवायचो, घाई करायची नाही. वर्षभरानं आरोही शाळेतून एका मुलीचा हात धरून आली. "ही माझी मैत्रीण," तिनं सांगितलं, तेही आधी जावेला.

मला टोचलं, खोटं कशाला बोलू. पण कोणाच्या हातून द्यायचं हे मी देवावर सोडलं होतं. मी हात जोडले आणि दोघी मैत्रिणींसाठी पाणी आणायला आत गेले.